जोसेफ निसेफोर निएप्स

फ्रान्स देशात साओन नदीच्या काठी शालों नावाचे नगर आहे. तेथे इ. स. १७६५ च्या मार्च महिन्याच्या ७ तारखेस निएप्स ह्याचा जन्म झाला. घरची संपत्ती बरी होती. परंतु हा व ह्याचा भाऊ क्लोद ह्या दोघांच्या शोधांपायी ती आटली.

निएप्स ह्यास चित्रे काढता येत नसत. म्हणून सूर्याकडूनच ती काढवून घ्यावी असा ध्यास त्याने घेतला. खनिज डांबर लव्हेंडरच्या तेलात विरघळवून तो ते कथिलमिश्रित पत्र्यावर फाशी. जेथे प्रकाश पडे तेथे डांबर घट्ट होई. उरलेले तेलाने धुऊन जाई. ह्या रीतीने १८२६-२७ च्या सुमारास त्याने आपल्या खिडकीतून दिसणारी छपरे टिपली. प्रकाशाने रेणू एकमेकांस जोडले जाऊन त्यांचे जाळे बनते, हे मात्र त्यास कळण्याजोगे नव्हते. बहुवारिकांचे शास्त्र पुढील शतकातले. आज दंतवैद्य निळा प्रकाश टाकून दातातील भरण घट्ट करितो, तोही ह्याच जातीचा गुण होय.

१८२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तो गेला. पण कृती सांगेना, म्हणून त्याचा निबंध स्वीकारला गेला नाही. ही गुप्तता त्यास भोवली, असे आम्हांस वाटते. १८२९ मध्ये त्याने दागेर ह्याच्याशी भागी केली, व १८३३ च्या जुलैच्या ५ तारखेस तो वारला. १८३९ मध्ये दागेरने आपली निराळी, जलद रीत प्रसिद्ध केली आणि कीर्ती त्याच्याच नावे झाली. निएप्सच्या मुलास सालीना ४००० फ्रँक मिळाले, दागेरला ६०००. छपरांचा तो पत्रा १९५२ साली लंडनमध्ये एका पेटीत सापडला.