पेशींचा अभ्यास करणारी संशोधिका : डॉ. कमल रणदिवे

कर्करोग हा पेशींच्या अनिर्बंध वाढीचा आजार आहे, हे आज सर्वपरिचित आहे. परंतु पेशी निरोगी असताना कोणते संदेश पाळते आणि कोणत्या कारणाने ते धुडकावते, हा प्रश्न भारतात ज्यांनी आरंभीच्या काळात हाती घेतला, त्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. आज खराडीपर्यंत विस्तारलेले पुणे तेव्हा लहान होते. मुलींच्या उच्च शिक्षणाच्या वाटाही मोजक्याच होत्या. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने वैद्यक शिकावे व डॉक्टराशी विवाह करावा, अशी त्यांची इच्छा होती. कमलताईंनी मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र निवडले आणि गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह केला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. वनस्पतीच्या पेशीपासून निघालेली ही वाट पुढे मानवी रोगापर्यंत पोहोचली, हे तुम्ही ध्यानात घ्या.

मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र म्हणजेच ऊतिसंवर्धन, त्यांनी आत्मसात केले. परदेशात न रमता त्या मायदेशी परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

उंदरांवरील प्रयोगांतून स्तनांच्या कर्करोगाशी आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा संबंध त्यांनी तपासला. संप्रेरके म्हणजे रक्तातून पेशींपर्यंत जाणारे रासायनिक निरोप होत. रोगाचे कारण एकच नसून अनेक घटकांच्या परस्परक्रियेत असते, ही दृष्टी या कार्यामागे होती. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील त्यांचे संशोधनही महत्त्वाचे ठरले.

१९७३ मध्ये त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. अहमदनगर जिल्ह्यातील अकोले भागात आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यासही त्यांनी केला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

विचार करा : कमलताईंनी वडिलांची इच्छा मोडली असे म्हणावे, की वेगळ्या वाटेने ती पूर्ण केली असे म्हणावे?