लक्ष्मीबाई टिळक आणि माझे कोरडे दिवस

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी तुम्हीही काहीतरी लिहा, असं संपादक मंडळानं सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझं सगळं लिखाण आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमधलं. गरोदर मातांची नोंद, लसीकरणाची नोंद, मलेरियाच्या रक्तनमुन्यांची नोंद. पण मग वाटलं, पाण्याच्या टाकीबद्दल, पहिल्या गणेशोत्सवाबद्दल, बोअरवेलच्या भांडणाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. आपण एका बाईबद्दल लिहावं, जी माझ्या अडचणीच्या काळात आपल्याच बिल्डिंगच्या जिन्यानं माझ्या घरी आली. ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

आधी थोडं माझं सांगते, नाहीतर ती का आली ते कळणार नाही.

मी गडचिरोलीत नर्सबाई होते. १९८२ साली चांदा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी मला नोकरी लागली. बरीच वर्षं भामरागडकडे काढली. पर्लकोटेला पूर आला की गाव तुटायचं. बाहेरचं कुणी आत येत नसे, आतलं कुणी बाहेर जात नसे. घरचे चंद्रपुरात, मी तिकडे. त्या वेळी कंदिलाच्या उजेडात प्रार्थना करायची सवय लागली आणि खरं सांगते, त्या प्रार्थनेच्या आधारावरच मी नोकरी केली. विश्वास म्हणजे काय असतो, ते मला तेव्हा विचारलं असतं तर मी लगेच उत्तर दिलं असतं.

निवृत्तीनंतर आता कुठे दोघं एकत्र राहणार, तर सहा वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमचे हे गेले. संध्याकाळी चहा घेतला आणि रात्री गेले. मातीला अख्खी सोसायटी आली होती. डबे तर पंधरा दिवस येत होते. लोकांनी काही कमी केलं नाही. पण माझ्या आतलं काहीतरी आटलं. चर्चमध्ये जायची, बाकावर बसायची, सगळ्यांबरोबर उठायची, पण तोंडातून शब्द निघत नसे. घरी बायबल उघडायची आणि मिटून ठेवायची. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी मरण पाहिलं, तिला आपल्या घरचं मरण सोसत नाही याची लाज वाटायची, म्हणून कुणाला सांगितलंही नाही. असं दीड-दोन वर्षं चाललं.

एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. सगळ्या बिल्डिंगच्या काकू त्या. पक्क्या माळकरी, आषाढीचा उपास कधी न चुकवणाऱ्या. त्यांच्या हातात एक जाडजूड जुनं पुस्तक होतं, ‘स्मृतिचित्रे’. तुमच्या धर्माच्या बाईचं आहे, पण मला फार आवडलं, वाचून बघा, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

नाव मला माहीत होतं. आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात नारायण वामन टिळकांची कितीतरी गीतं आहेत. लहानपणापासून गात आले. त्यांच्या पत्नीनं आत्मचरित्र लिहिलंय हेही ऐकून होते. मला वाटलं, मिशनरी घरातली बाई, उपदेशाचं पुस्तक असणार. महिनाभर ते टेबलावर तसंच पडून होतं. मग एका रात्री झोप येईना म्हणून उघडलं, आणि पहिल्या पन्नास पानांतच मी हसले. किती दिवसांनी हसले होते देव जाणे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, सत्तावनच्या बंडात फाशी झाली होती. त्या धक्क्यानं वडिलांच्या डोक्यात सोवळ्याओवळ्याचं जे वेड शिरलं ते कायमचं. बाहेरून आलेली वस्तू पाण्यानं शुद्ध केल्याशिवाय घरात येत नसे. त्या धाकात सगळं घर वाळून गेलेलं. अशा घरातल्या मुलीचं वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक जन्मले १८६१ साली, कोकणात. बुद्धी तल्लख, हातात कविता, स्वभाव मात्र वाऱ्यासारखा. आज या गावी, उद्या त्या गावी. राग आला की घर सोडून निघून जायचं, आठवण आली की परत यायचं. पैसा हातात टिकत नसे. बायको कधी माहेरी, कधी नातेवाइकांकडे. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही. लिहिणं-वाचणं काय झालं ते लग्नानंतर, तेही तुटक तुटक. पोटची मुलं लहानपणीच गेली. जगला तो दत्तू, म्हणजे देवदत्त.

टिळकांच्या आयुष्याला वळण मिळालं ते आपल्या विदर्भाच्या वाटेवर. नागपुरात ते काही काळ होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. बोलणं झालं, आणि त्यानं टिळकांना ‘नवा करार’ दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगून टाकलं. टिळक वाचत गेले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथवरची गोष्ट आम्ही चर्चमध्ये ऐकलेली होती. या गोष्टीची दुसरी बाजू मला त्या रात्री पहिल्यांदा कळली. टिळकांना ज्या दिवशी उजेड दिसला, त्याच दिवशी लक्ष्मीबाईंच्या घरात अंधार झाला. वय सत्तावीसही नाही, पदरात लहान मूल, नवरा जिवंत असून मेल्यासारखा. त्या काळच्या ब्राह्मण घरात ही गोष्ट म्हणजे काय, याची आज कल्पना करणंही अवघड. त्यांना वेड लागायची पाळी आली. रडणं थांबेना. त्या दुःखातच त्यांच्या तोंडून पहिल्यांदा कविता निघाली. पुढे मुलाला घेऊन त्या पंढरपूरला जाऊन राहिल्या. चार-साडेचार वर्षं अशी ताटातुटीत गेली. नवऱ्यावर राग होता, त्याच्या नव्या देवावर त्याहून जास्त राग होता, आणि तरी नवऱ्यावरचं प्रेम काही जात नव्हतं.

शेवटी त्या अहमदनगरला टिळकांकडे गेल्या. गेल्या म्हणजे ख्रिस्ती व्हायला गेल्या नाहीत, नवऱ्याकडे गेल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं वेगळं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. एका छपराखाली दोन धर्म, दोन चुली. आज आपल्याला हे सोपं वाटतं, पण तेव्हा दोन्हीकडचे लोक नावं ठेवत होते.

मग एक दिवस त्यांच्या मनात प्रश्न आला. जात देवानं केली की माणसानं? देवानं गाय वेगळी केली, घोडा वेगळा केला, ते पाहताच ओळखू येतात. माणसांत त्यानं बाई आणि पुरुष एवढाच फरक ठेवला. मग हा ब्राह्मण, हा महार, हा मुसलमान, हे कुणी केलं? वडिलांच्या घरी पाण्यानं धुतलेल्या त्या सगळ्या वस्तू त्यांना तेव्हा आठवल्या असतील का, असं मला राहून राहून वाटतं. त्यांनी ठरवलं, आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. कुणी उपदेश केला म्हणून हे झालं नाही. बाईनं आपल्या डोक्यानं विचार केला आणि गाठ सोडवली. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. नवऱ्यानंतर तब्बल पाच वर्षांनी.

पुस्तक मी इथे मिटलं आणि बराच वेळ बसून राहिले. आपल्याकडे साक्ष देताना माणसं सांगतात, अमुक दिवशी, अमुक वेळी माझं जीवन बदललं. ते खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण लक्ष्मीबाईंचा विश्वास तसा आला नाही. तो रागातून आला, रडण्यातून आला, मधे नुसतेच रिकामे गेलेले दिवस होते. त्या दिवसांत त्यांना वाटलंच असेल की देव आपल्याला विसरला. नंतर मागे वळून बघताना कळतं की आपण चालत होतो.

आणि बाप्तिस्मा झाला म्हणून दुःख संपलं असंही नाही. तेच तर मला हवं होतं वाचायला. १९०० हे छपन्नच्या दुष्काळाचं साल. टिळकांच्या घरी अनाथ मुलं येत गेली आणि घरात खायला असो-नसो, लक्ष्मीबाई त्यांना सांभाळत गेल्या. नगरला प्लेग आला तेव्हा त्या प्लेगच्या छावणीत राहिल्या, आजाऱ्यांचं केलं. मी नर्स, मला ठाऊक आहे अशा ठिकाणी पाय कसा मागे ओढतो. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले होते; ते १९१८ साली रेल्वेखाली सापडून गेले. त्याआधी १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. जातीपंथाच्या भिंतींपलीकडे, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सगळ्या ख्रिस्तभक्तांचं एक कुटुंब व्हावं, ही त्यांची इच्छा. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. काम मोठं होतं, पण बांधलेला पगार गेला आणि संसार लक्ष्मीबाईंच्याच डोक्यावर. आणि ९ मे १९१९ ला मुंबईत टिळकच गेले.

आता त्या पन्नाशीच्या. ज्या माणसासाठी सगळं सोडलं तो माणूसच नाही. इथे मी पुस्तक हळूहळू वाचलं, एकेक पान. ही पुढे काय करते ते मला बघायचं होतं.

तिनं काम केलं. मुलाबरोबर कराचीला गेली, नव्या मुलखात, नव्या माणसांत राहिली. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूचं ओवीबद्ध चरित्र लिहायला घेतलं होतं. सुरुवातीचे मोजके अध्याय लिहून झाले आणि ते गेले. शाळा न पाहिलेल्या या बाईनं पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. त्याच्याच जोडीला आपल्या आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला आणि मराठी वाचकांनी तो डोक्यावर घेतला. त्याच्या आदल्याच वर्षी नागपूरच्या कविसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं होतं. ज्या नागपूरहून निघालेल्या गाडीनं त्यांचा संसार उधळला, त्याच नागपुरात त्यांचा हा मान! २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. पुस्तक पुरं व्हायचं होतं. शेवट मुलानं केला. आज ते इंग्रजीतही वाचायला मिळतं.

एवढं सगळं सोसून पुस्तकात कडवटपणा म्हणाल तर नाही. नवऱ्याच्या विसरभोळेपणावर, स्वतःच्या अडाणीपणावर बाई खदखदून हसते. टिळकांचे दोष झाकत नाही आणि त्यांच्यावरची माया पण लपवत नाही. देवाशीही तिचं तसंच असावं, असं मला वाटतं. देवापुढे खोटं गोड बोलायचं नाही.

पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा काकूंनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या परवानगीनंच लिहिते. आपण सगळे इथे राहायला आलो त्या पहिल्या वर्षी नाताळात मी घरोघर फराळाचं ताट दिलं होतं. करंज्या, अनारसे, केकचा तुकडा. काकूंनी हसत घेतलं आणि दार लावून ते कामवालीला देऊन टाकलं. इतकी वर्षं त्यांना ते टोचत होतं. लक्ष्मीबाईंचा तो जातीचा विचार वाचला आणि सांगितल्याशिवाय राहवेना म्हणाल्या. मला तेव्हाच कळलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. आता या लेखात सांगते. काकू, रागावू नका. आमची कामवाली दोन्ही घरी काम करायची.

त्या दिवशी त्यांनी पोहे केले, आम्ही दोघींनी खाल्ले. घरी येऊन मी बऱ्याच दिवसांनी प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडणच केलं. यांना असं का नेलंत, मला निदान निरोप तरी का घेऊ दिला नाहीत, असं सगळं बोलून टाकलं. उत्तर आलं नाही. पण शब्द निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. रविवारी गाण्याच्या वेळी टिळकांचं गीत आलं, दोन ओळी गळ्यातून बाहेर पडल्या, तिसरीला आवाज गेला. शेजारच्या बाईंनी पुढचं म्हटलं.

आजही काही दिवस कोरडे जातात. पूर्वी मी घाबरायची, आता घाबरत नाही. उन्हाळ्यात आपल्या जंगलात मोहाचं झाड बघा. एक पान नसतं अंगावर आणि खाली फुलांचा सडा. भामरागडला माणसं पहाटे टोपल्या घेऊन वेचायला जायची. पानं मागाहून येतात.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. भांडणं झाली, पाण्याचे टँकर आले, काही माणसं सोडून गेली, काही देवाघरी गेली. तरी ताटं एका दारातून दुसऱ्या दारात जातच राहिली. येत्या नाताळातही माझं ताट येईल. सर्व सभासदांना आणि मुलाबाळांना माझ्या मनापासून शुभेच्छा. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांना वाचायचं असेल त्यांनी काकूंकडे मागावं. नंबर लावावा लागतो.