भाऊसाहेब बांदोडकर : फूल की दोन पानं?

आय.व्ही. म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते गोव्याचं! कारखाना एखादाच बघायचा आणि उरलेला वेळ बीचवर काढायचा, हे सगळ्यांना (सरांनासुद्धा) माहीत असतं. आमची बसही अशीच पणजीत मांडवीच्या कडेकडेने मिरामारला गेली. त्या रस्त्याचं नाव दयानंद बांदोडकर मार्ग. मिरामारच्या किनाऱ्यालगत एक समाधी आहे, तीही त्यांचीच. तिथे सगळ्यांनी फोटो काढले, पण हे गृहस्थ कोण ते आख्ख्या बसमध्ये एकालाही सांगता येईना. हॉस्टेलवर परतल्यावर मी ही गोष्ट माझ्या रूम पार्टनरला हसत हसत सांगितली. तो पेडण्याचा. त्याला काही हसू आलं नाही. त्याने मला चांगलंच झापलं आणि लायब्ररीत नेऊन बसवलं. तेव्हा जे वाचलं, ते तुमच्यापुढे मांडतो आहे.

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, म्हणजे गोव्याच्या लोकांचे भाऊसाहेब, यांचा जन्म १२ मार्च १९११ चा, पेडण्याचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. भाऊसाहेबांचा समाज गोमंतक मराठा. देवळांची गाणी-नृत्यं याच समाजाने सांभाळली आणि त्याच देवळांच्या गावात त्याला खालची पायरी मिळाली. अशा घरातला हा मुलगा धंद्यात शिरला, खाणव्यवसायात उतरला आणि गोव्यातल्या मोठ्या खाणमालकांत जाऊन बसला. हाती पैसा आला तसा तो शाळांना, संस्थांना, गोरगरिबांना सढळ हाताने दिलाही. पुढे लोकांनी त्यांना मतं दिली त्यामागे ही ओळख होती. भाषणबाजी हा काही त्यांचा पिंड नव्हता.

आता थोडा इतिहास. (वायवाला विचारणार नाहीत, पण वाचा!) गोव्याचा किनाऱ्यालगतचा भाग सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांकडे होता. त्या जुन्या काबिजादी : तिसवाडी, बार्देश, सासष्टी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे तालुके त्यांच्या हाती आले अठराव्या शतकात. त्या नव्या काबिजादी. जुन्या भागात ख्रिस्ती वस्ती मोठी, नव्या भागात हिंदू वस्ती मोठी. घरात दोन्हीकडे कोकणीच. पण नव्या काबिजादींत भजन, कीर्तन, नाटक आणि शाळा मराठीतून चाले. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९४७ ला भारत स्वतंत्र झाला, तरी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार गोवा सोडायला तयार नव्हता. गोवा ही आपली वसाहत नसून पोर्तुगालचाच एक प्रांत आहे, असं त्याचं म्हणणं. चौदा वर्षं सत्याग्रह, तुरुंग, गोळीबार, नाकेबंदी असं सगळं झालं. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य आत शिरलं. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. प्रश्न सुरक्षा परिषदेत गेला, तिथे भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारामुळे अडला. पण पोर्तुगालने भारताचा हक्क मान्य केला नाही तो नाहीच. म्हणजे जमिनीवर तिरंगा आणि लिस्बनच्या कागदावर अजून पोर्तुगालच!

अशा प्रदेशात लोकांचं राज्य आणायचं कसं? पहिले काही महिने कारभार लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ यांच्याकडे होता. १९६२ मध्ये घटनेत बारावी दुरुस्ती होऊन गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि मुलकी नायब राज्यपाल आले. त्याच वर्षी पंचायतींच्या निवडणुका झाल्या. आणि ९ डिसेंबर १९६३ ला तीस जागांच्या विधानसभेची निवडणूक झाली. पोर्तुगीज अमलात मताचा हक्क मूठभरांना होता. आता भाटकाराचं एक मत आणि त्याच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाचंही एकच मत. गावोगावच्या माणसांनी असं मतदान जन्मात पहिल्यांदा केलं.

सगळ्यांना वाटत होतं की काँग्रेस सहज येणार. नेहरूंचा पक्ष, त्यांच्याच सरकारने गोवा मुक्त केलेला. पण भाऊसाहेबांनी त्याच वर्षी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा केला होता. निशाणी सिंह. मागणी एकच : गोवा महाराष्ट्रात विलीन करा. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता. त्यांची मागणी बरोबर उलटी, गोवा वेगळा ठेवा. निकाल लागला तेव्हा मगो आणि त्याच्या मित्रपक्षाच्या मिळून १६ जागा, युनायटेड गोवन्सच्या १२. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही, एक मिळाली ती दमणची! गंमत म्हणजे भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीत उभेच नव्हते. तरी मुख्यमंत्री तेच झाले आणि मागाहून पोटनिवडणुकीत निवडून आले. मंत्रिमंडळ फक्त तीन जणांचं : ते स्वतः, विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस.

आता प्रश्न पडतो की खाणमालकाला कुळं-मुंडकारांनी मतं का दिली? आणि विलीनीकरण हवं होतं ते कशासाठी? पार्टनरने मला हे नीट समजावलं. जमीन भाटकारांची, सरकारी नोकऱ्या आणि शिक्षण वरच्या थरातल्या हिंदू आणि ख्रिस्ती घराण्यांकडे. बहुजन समाजाला वाटत होतं की छोटासा गोवा वेगळा राहिला तर पुन्हा हीच घराणी डोक्यावर बसतील. महाराष्ट्रात गेलो तर शिक्षण मिळेल, नोकरी मिळेल, शेतावर हक्क मिळेल. दुसऱ्या बाजूला सिक्वेरांच्या लोकांची भीतीही खोटी नव्हती. एवढ्या मोठ्या राज्यात आपण म्हणजे एखादा जिल्हा होऊन राहू, आपली कोकणी पुसली जाईल, आपली रीत, आपल्या नोकऱ्या जातील, असं त्यांना वाटे. तेव्हा दोघांचीही भीती खरी, आणि निर्णय मात्र एकच होणार!

भाऊसाहेबांचं म्हणणं असं की विलीनीकरणाच्या मुद्द्यावर निवडणूक झाली, आम्ही जिंकलो, आता विधानसभेने ठराव केला की झालं. आकड्यांच्या हिशेबाने हे बरोबरच वाटतं. सिक्वेरांचं म्हणणं, आमदार पाच वर्षांसाठी निवडलेले असतात, आणि प्रदेशाचं अस्तित्व मिटवणं हा पुन्हा मागे फिरवता न येणारा निर्णय आहे. तो थेट लोकांना विचारूनच व्हायला हवा. गोव्यातले काँग्रेस नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत हाच आग्रह धरला. शेवटी डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. आता सरकार भाऊसाहेबांचं आणि कौलही त्यांच्याच मागणीवर, मग मतदान निष्पक्ष होणार कसं, असा आक्षेप आला. तेव्हा भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने ३ डिसेंबर १९६६ ला राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. हातात आलेली खुर्ची मतदानाआधी सोडायची, ही काही साधी गोष्ट नव्हे. आपल्याकडे गॅदरिंगच्या कमिटीवरून उठायलासुद्धा कुणी तयार नसतं!

मतपत्रिकेवर दोनच निशाण्या होत्या. विलीनीकरण हवं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्यायच नव्हता. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांनाही मत द्यायची मागणी झाली होती, ती मान्य झाली नाही. प्रचार असा काही पेटला की विचारू नका. घराघरात फुलवाले आणि पानंवाले झाले. कोकणीतून गाणी रचली गेली, सभांमागून सभा झाल्या. आणि खरी मजा पुढे आहे. विलीनीकरणाच्या विरोधातला सर्वात जोरदार आवाज 'राष्ट्रमत' या दैनिकाचा होता, आणि ते निघत होतं चक्क मराठीत! म्हणजे मराठी वाचणारा तो विलीनीकरणवाला असं गणित सरळ मांडता येत नव्हतं.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. मतदार ३,८८,४३२. त्यांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. फुलाला मिळाली १,३८,१७० मतं आणि दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. कॅल्क्युलेटर काढा आणि बघा, नुसत्या १७,०११ लोकांनी दोन पानांऐवजी फुलावर शिक्का मारला असता तर आज गोवा नावाचं राज्य नकाशावर नसतं. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे तालुके फुलाकडे गेले, सासष्टी-तिसवाडीने दोन पानांचा ढीग घातला. पण हिंदू मतदार बहुसंख्य असूनही फूल हरलं, याचा अर्थ बऱ्याच हिंदूंनीही दोन पानांना मत दिलं होतं. पार्टनर सांगतो, त्यांच्या घरात आजोबांचं मत फुलाला गेलं आणि आजीचं दोन पानांना. आजीने हे आजोबांना कित्येक वर्षं सांगितलं नाही!

भाऊसाहेबांची स्वतःची पेडण्याची माती त्यांच्यामागे उभी राहिली, पण गोव्याने त्यांची मागणी नाकारली. पक्षाच्या नावातच महाराष्ट्र, जन्मच ज्या मागणीसाठी, तीच गेली. एखाद्याने मतदानावर घोळाचा आरोप करून रान उठवलं असतं, किंवा राजकारणच सोडून परत खाणी सांभाळल्या असत्या. भाऊसाहेब यातलं काहीच न करता पुन्हा मतं मागायला लोकांपुढे गेले. कौलानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, २८ मार्च १९६७ ला विधानसभेची निवडणूक झाली. मगोला ३० पैकी १६ जागा मिळाल्या! विरोधकांत फूट पडली होती हे खरं, त्याचा फायदा मगोला झालाच. तरीपण लोकांनी दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं दिली हे नाकारता येत नाही. गोवा वेगळा हवा, आणि तो चालवायला भाऊसाहेब हवेत!

मग त्यांनी वेगळा गोवा चालवला, आणि मनापासून चालवला. कुळांना संरक्षण देणारा कायदा त्यांच्या पहिल्या सरकारने १९६४ मध्येच केला होता. त्या वाटेवर पुढे चालत १९७६ मध्ये कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती झाली, पण तोवर ते हयात नव्हते. गावागावात प्राथमिक शाळा निघाल्या, बहुतेक मराठीच. ज्या वाड्यावर पिढ्यान् पिढ्या अक्षर पोचलं नव्हतं तिथली पोरं पाटी घेऊन बसू लागली. आपल्यासारख्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे गोव्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजही १९६७ चं, त्यांच्याच काळातलं.

सगळं सुरळीत होतं असं मात्र नाही. १९७० मध्ये त्यांच्याच पक्षाचे सात आमदार उलटले. पक्ष आणि सरकार एकाच माणसाच्या मर्जीवर चालतं, ही तक्रार होती आणि तिच्यात तथ्य होतं. सरकार वाचलं ते विरोधी बाकांवरच्या काही आमदारांनी हात दिल्यामुळे. ज्यांच्याशी कौलाच्या वेळी एवढी झुंज झाली, त्यांच्यातलेच काही जण मदतीला आले! १९७२ मध्ये लोकांनी मगोला १८ जागा दिल्या. पण पाच वर्षं पुरी झाली नाहीत. १२ ऑगस्ट १९७३ ला मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेब गेले. त्यांच्यानंतर त्यांची मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या.

एक गोष्ट मला फार चटका लावून गेली. लिस्बनमध्ये क्रांती झाली एप्रिल १९७४ ला आणि गोव्यावरचा भारताचा हक्क पोर्तुगालने मान्य केला त्याच वर्षाच्या अखेरीस. म्हणजे भाऊसाहेबांनी तीन निवडणुका आणि एक जनमत कौल पार पाडला, जवळजवळ दहा वर्षं राज्य चालवलं, तो प्रदेश पोर्तुगालच्या लेखी शेवटपर्यंत पोर्तुगालचाच होता. तिकडचा कागद तसाच पडून राहिला आणि इकडे लोक रांगा लावून मतं देत राहिले. गोवा कोणाचा याचं उत्तर त्या रांगांनी आधीच देऊन टाकलं होतं. ३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झाला. कौलाच्या मतपत्रिकेवर नसलेला तो तिसरा पर्याय वीस वर्षांनी प्रत्यक्षात आला.

मी महाराष्ट्रातला, मराठी माणूस. खरं सांगायचं तर आधी मला वाटलं, फूल जिंकायला हवं होतं. पार्टनरही फुलवाल्या तालुक्यातला. पण त्याला विचारलं तर तो खांदे उडवतो. लोकांनी ठरवलं, विषय संपला, आणि भाऊसाहेबांनीही तसंच मानलं, असं तो म्हणतो. मग मलाही वाटलं, बरोबर आहे. निवडून आलेल्या माणसाला सगळंच ठरवायचा अधिकार मिळत नाही. काही प्रश्न परत लोकांकडेच न्यावे लागतात, आणि उत्तर आपल्या मनाविरुद्ध आलं तरी त्यांच्यासाठीच काम करावं लागतं.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या आय.व्ही.ला मिरामारला बस थांबली की फोटो जरूर काढा. पण समाधीपाशी दोन मिनिटं उभे राहा. आणि शेजारचा कुणी विचारेल की हे कोण, तर त्याला सांगा!