खंड सरकतात हे सांगणाऱ्या शास्त्रज्ञाचा जीव ग्रीनलंडचा बर्फ मोजताना गेला

भूगोलाच्या पुस्तकात एक नाव हमखास भेटतं, आल्फ्रेड वेगेनर. सगळे खंड एकेकाळी जोडलेले होते आणि नंतर सरकत दूर गेले, हे त्यांनी १९१२ साली मांडलं. पण वेगेनर मुळात भूगर्भशास्त्रज्ञ नव्हतेच. १८८० साली बर्लिनमध्ये जन्मलेला हा माणूस हवामानाचा अभ्यासक होता आणि त्याला ओढ होती ग्रीनलंडची.

१९०६ साली ते तिथे पहिल्यांदा गेले. १९३० साली गेले ते मोहिमेचे प्रमुख म्हणून. ग्रीनलंडवरचा बर्फ किती जाड आहे आणि त्याच्या मधोमध हिवाळ्यात हवामान कसं असतं, हे त्यांना शोधायचं होतं.

जाडी मोजायची कशी? बर्फावर स्फोट करायचा. त्याची लाट तळच्या खडकावर आपटून परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून हिशोब मांडायचा.

किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत 'आइसमिटे' नावाचा तळ उभारला. तिथे गिओर्गी आणि झोर्ग हे दोन शास्त्रज्ञ राहिले. पण मोहीम सुरुवातीलाच रखडली होती, मोटार स्लेजही बंद पडल्या. रसद पोहोचेना. दोघांनी निरोप पाठवला, २० ऑक्टोबरपर्यंत सामान आलं नाही तर आम्ही पायी परत निघू.

ते वाटेत मरतील, या काळजीने वेगेनर स्वतः निघाले. थंडीमुळे बहुतेक सोबती मागे फिरले. ४० दिवसांनी वेगेनर, लोव आणि ग्रीनलंडचा तरुण रासमुस विलुमसेन असे तिघेच पोहोचले, तेही जवळपास रिकाम्या हाताने.

तोवर तिथल्या दोघांनी बर्फात गुहा खोदून हिवाळा काढायचं ठरवलं होतं!

लोव यांची बोटं गोठली होती, म्हणून ते तिथेच थांबले. पाच जणांना पुरेल इतकं अन्न नव्हतं. त्यामुळे १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर विलुमसेनसोबत परत निघाले. दोघेही किनाऱ्यावर पोहोचले नाहीत.

मे १९३१ मध्ये वेगेनर यांचा मृतदेह सापडला. विलुमसेनने तो नीट पुरून जागा कळावी म्हणून वर स्की उभ्या केल्या होत्या. विलुमसेन मात्र कधीच सापडला नाही.

आइसमिटेवरच्या तिघांनी हिवाळा काढला. तिथला बर्फ अडीच किलोमीटरच्या आसपास जाड असल्याचं झोर्ग यांनी मोजून दाखवलं.

आज ग्रीनलंडच्या बर्फावर उपग्रह नजर ठेवतात. २००२ पासून तिथला बर्फ दरवर्षी सरासरी २५० अब्ज टनांहून जास्त घटतोय, हे त्यांच्यामुळेच कळलं. वेगेनर यांचा देह अजून त्याच बर्फात आहे.