राक्षस ताऱ्याचे कोडे सोडविणारा मुलगा

आकाशातील ययाति तारकासमूहात अलगोल नावाचा एक तारा आहे. हे नाव अरबी. ‘रास-उल-गूल’ म्हणजे राक्षसाचे डोके. या ताऱ्याचे कोडे एका बहिऱ्या मुलाने कसे सोडविले, ते ऐका.

जॉन गुडरिक याचा जन्म 17 सप्टेंबर 1764 रोजी हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथे झाला. लहानपणीच तो बहिरा झाला. बहिऱ्या मुलाला शिकविता येते, हेच त्या काळी पुष्कळांना पटत नसे. परंतु त्याच्या घरच्यांनी हाय खाल्ली नाही. त्यांनी त्याला एडिंबरो येथे थॉमस ब्रेडवुड यांच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातले. पुढे 1778 मध्ये तो वॉरिंग्टनच्या विद्यालयात इतर मुलांच्या बरोबरीने शिकू लागला. गणितात त्याने चांगली प्रगती केली.

शिक्षण आटोपून तो यॉर्क येथे राहू लागला. तेथे एडवर्ड पिगॉट या खगोलप्रेमी मित्राने त्याला तारे पाहण्याची गोडी लावली. 12 नोव्हेंबर 1782 च्या रात्री जॉनला अलगोल एकदम मंद झालेला दिसला. हा तारा कधीकधी मंद होतो, हे इटलीतील माँतानारी यांनी शंभरावर वर्षांपूर्वी नोंदविले होते. पण तो नेमका केव्हा मंद होतो, हे कोणी शोधले नव्हते. जॉनने शेजारच्या ताऱ्यांशी त्याच्या तेजाची तुलना करून रात्रीमागून रात्री टिपणे ठेवली. 1783 च्या वसंतात उत्तर हाती आले : दर 2 दिवस आणि सुमारे 21 तासांनी हा तारा मंद होतो. त्याभोवती एखादी काळोखी वस्तू फिरत असावी, असेही त्याने सुचविले. रॉयल सोसायटीने त्याच वर्षी त्याला कोपले पदक दिले. तेव्हा तो अवघा 19 वर्षांचा होता.

1784 मध्ये त्याने आणखी दोन रूपविकारी तारे शोधले. त्यांपैकी वृषपर्वा समूहातील ताऱ्याच्या जातीवरूनच पुढे विसाव्या शतकात दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजता आली.

एप्रिल 1786 मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य निवडले. परंतु चारच दिवसांनी, वयाच्या 21 व्या वर्षी, तो मृत्यू पावला. अलगोलला जोडीदार तारा आहे, हे 1889 मध्ये जर्मनीतील फोगेल यांनी सिद्ध केले. जॉनचा तर्क खरा ठरला.

पालकहो, आपल्या मुलात काही उणीव असेल, तर त्याला घरात बसवू नका. शाळेची वाट दाखवा. आणि मित्रांनो, डिसेंबरच्या संध्याकाळी उत्तरेकडे पाहा. अलगोल साध्या डोळ्यांनी दिसतो. दुर्बीण नसली तरी चालेल. एक वही मात्र जवळ ठेवा.