शाळा सुटल्यावर कोठे जाणार?

थॉमस बर्नार्डो यांचा जन्म १८४५ साली डब्लिन येथे झाला. मिशनरी डॉक्टर होऊन चीनला जावे, या हेतूने ते १८६६ साली लंडनला आले. तेथे ते गरीब मुलांची शाळा चालवू लागले. एका रात्री शाळा सुटली तरी जिम जार्विस हा मुलगा हलेना; त्याला घरच नव्हते. त्यानेच बर्नार्डोंना छपरांवर निजलेली मुले दाखविली. चीनचा बेत मागे पडला. १८७० साली स्टेपनी येथे त्यांनी मुलांसाठी वसतिगृह उघडले. जागेअभावी परत पाठविलेला एक मुलगा पुढे मृत सापडला. तेव्हा कोणाही निराधार मुलास दार बंद करायचे नाही, असा नियम त्यांनी केला. १८७७ साली मोठी मोफत शाळा काढली. १९०५ साली ते प्रभूघरी गेले. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, आपल्या वर्गातील मूल रात्री कोठे निजते, हे आपणांस ठाऊक आहे काय?