हॅरॉल्ड मॅन
हॅरॉल्ड हार्ट मॅन (१८७२ – १९६१) हे इंग्रज कृषिरसायनशास्त्रज्ञ आणि ग्रामीण अर्थव्यवस्थेचे अभ्यासक होते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य व पुढे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक म्हणून त्यांनी सुमारे वीस वर्षे महाराष्ट्रात काम केले. पुण्याला येण्यापूर्वी ते भारतीय चहा संघाचे शास्त्रीय अधिकारी होते. चहाची प्रत कशामुळे ठरते, या प्रश्नावरील त्यांचे संशोधन चहाच्या रसायनशास्त्रातील आरंभीच्या महत्त्वाच्या कामांत गणले जाते. पुणे जिल्ह्यातील पिंपळे सौदागर व जातेगाव बुद्रुक या गावांची त्यांनी केलेली पाहणी भारतातील शास्त्रीय ग्रामपाहणीच्या परंपरेत पायाभूत मानली जाते.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

मॅन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्क येथे १८७२ मध्ये झाला. लीड्स येथील यॉर्कशायर कॉलेजात रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तेथे त्यांनी यीस्टवर जंतुनाशक द्रव्यांचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास केला. आंबण्याच्या क्रियेत जिवंत सूक्ष्मजीवांचे काम किती आणि निव्वळ रासायनिक बदल किती, हा त्या काळात युरोपात वादाचा विषय होता. या वादाची झालेली ओळख मॅन यांना पुढे चहाच्या संशोधनात उपयोगी पडली. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी काही काळ रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीसाठी रसायनतज्ज्ञ म्हणून काम केले. या संस्थेचे प्रयोगक्षेत्र बेडफर्डशायरमधील वोबर्न येथे होते.

चहाच्या प्रतीचा अभ्यास

१९०० मध्ये मॅन कोलकात्याला भारतीय चहा संघाच्या सेवेत रुजू झाले. त्या वेळी चहाची किंमत जवळजवळ सर्वस्वी चव पाहणाऱ्या तज्ज्ञांच्या जिभेवर अवलंबून असे. कोलकाता व लंडन येथील लिलावांपूर्वी प्रत्येक खेपेचा नमुना त्यांच्यासमोर येई. ठरावीक वजनाची पत्ती झाकणाच्या भांड्यात घालून तिच्यावर उकळते पाणी ओतले जाई आणि ती पाच-सहा मिनिटे मुरू दिली जाई. मग तज्ज्ञ कोरड्या पत्तीचा आकार व रंग, पाण्यात फुललेल्या पानांचा तांबूसपणा आणि अर्काची उजळी एकेक करून पाहत. शेवटी चमचाभर अर्क आवाज करीत हवेसकट तोंडात ओढून घेतला जाई. त्यामुळे तो साऱ्या जिभेवर पसरे व त्याचा गंध नाकापर्यंत पोहोचे. अर्काचा दाटपणा, कडकपणा, तजेला व सुगंध यांवरून निर्णय दिला जाई आणि अर्क थुंकून पुढच्या भांड्याकडे वळले जाई. एकाच दिवशी अशा शेकडो नमुन्यांची परीक्षा होत असे.

ही परीक्षा विश्वासार्ह होती, पण तिच्यातून कारण कळत नसे. एका मळ्याचा चहा या आठवड्यात उत्तम व पुढच्या आठवड्यात सामान्य का निघाला, याचे उत्तर तज्ज्ञाला देता येत नसे आणि मळेवाल्यालाही नुसत्या अंदाजाने बदल करावे लागत. मॅन यांनी तज्ज्ञांचा निर्णय हा मोजमापाचा आधार मानला. त्या निर्णयाशी पानाच्या रासायनिक घडणीचा व प्रक्रियेचा कोणता संबंध लागतो, हे त्यांनी शोधायला घेतले.

काळा चहा तयार करताना खुडलेली पाने प्रथम कोमेजवतात आणि मग यंत्रात वळतात. वळताना पानांच्या पेशी फुटून रस बाहेर येतो. नंतर ती पाने थंड जागी पसरून ठेवली की हिरवा रंग जाऊन तांबूस रंग व चहाचा ओळखीचा गंध येतो. या टप्प्याला आंबवणे म्हणत. शेवटी गरम हवेने पत्ती वाळवली की हा बदल थांबतो. आंबवणे हे नाव रूढ असल्याने त्यामागे जंतूंचे काम असावे, असा समज होता. मॅन यांनी १९०१ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत दाखवले, की मुख्य बदल पानातच असलेल्या ऑक्सिडीकारक विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, होतो. पेशी फुटल्यावर हे विकर पानातील टॅनिनशी आणि हवेतील ऑक्सिजनशी एकत्र येते. जंतूंचा या क्रियेला उपयोग नाही, उलट अस्वच्छ फरशीवर वाढणारे जंतू चहाची चव बिघडवतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून पाने पसरण्याची जागा स्वच्छ आणि थंड राखण्यावर त्यांनी भर दिला. चहाच्या प्रतीची कारणे सांगणारी त्यांची पुस्तिका १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली.

हा प्रश्न केवळ चहापुरता नव्हता. उंची सिगारसाठी लागणारे तंबाखूचे पानही ढीग रचून मुरवले जाते. त्या ढिगात उष्णता निर्माण होऊन पानाचा उग्रपणा कमी होतो आणि त्याला सुवास येतो. हा सुवास जंतूंमुळे येतो, असे मत जर्मनीतील एमिल सुख्सलांड यांनी १८९१ मध्ये मांडले होते. ऑस्कर लोएव यांनी १८९९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी सिगारच्या पानाचा अभ्यास करून ते खोडून काढले आणि बदलाचे श्रेय पानातील विकरांना दिले. चहाच्या पानातील ऑक्सिडीकारक विकराबद्दल जपानमध्ये आसो यांनीही त्याच सुमारास लिहिले. जीभ आणि नाक यांवरून पारखल्या जाणाऱ्या दोन्ही पानांच्या बाबतीत संशोधक अशा रीतीने एकाच काळात सारख्या निष्कर्षाकडे येत होते. तंबाखू मुरण्यात जंतूंचाही काही वाटा असल्याचे नंतरच्या संशोधनातून पुढे आले. चहाबाबत मात्र विकराची प्रमुख भूमिका आजही मान्य आहे.

जॉर्ज वॅट यांच्यासमवेत चहाच्या झाडावरील किडी व रोगांवरचा ग्रंथ (१९०३) आणि चहाच्या जमिनींवरील अभ्यास हे मॅन यांचे या काळातील अन्य काम होय.

पुणे शेतकी महाविद्यालय

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये चालणारे शेतकीचे वर्ग १९०७ मध्ये वेगळे होऊन स्वतंत्र शेतकी महाविद्यालय स्थापन झाले आणि मॅन त्याचे प्राचार्य झाले. त्यांच्याभोवती द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर, व्ही. ए. ताम्हाणे अशा मराठी संशोधकांचा गट तयार झाला. मॅन यांचे पुण्यातील बरेचसे लेखन या सहकाऱ्यांच्या नावांसह प्रसिद्ध झाले आहे.

ताम्हाणे यांच्याबरोबर त्यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास केला. त्याचा अहवाल १९१० मध्ये निघाला. नीरा कालव्याचे पाणी आल्यावर बारामती परिसरात उसाची शेती वाढली, पण निचऱ्याची सोय नसल्याने भूजलाची पातळी वर आली. क्षार पृष्ठभागावर साठून चांगल्या जमिनी नापीक होऊ लागल्या. पाणी देण्याइतकेच जादा पाणी काढून टाकणेही आवश्यक आहे, हा त्या अहवालाचा आशय होता. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी, पश्चिम भारतातील बटाट्याची लागवड आणि अधूनमधून प्रकट होणारी राजापूरची गंगा या विषयांवरही मॅन यांनी सहकाऱ्यांसमवेत लिहिले.

सामाजिक कार्य

यॉर्क शहरातील दारिद्र्याची सीबोम राउंट्री यांनी केलेली पाहणी १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. किमान अन्न, वस्त्र व निवारा यांचा खर्च ठरवून त्याखाली किती कुटुंबे आहेत हे मोजण्याची ती पद्धत होती. यॉर्कमध्येच जन्मलेल्या मॅन यांनी ती पद्धत वोबर्नजवळच्या रिजमाँट या खेड्याला लावली. तेथील सुमारे एक तृतीयांश लोक दारिद्र्यरेषेखाली असल्याचे त्यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले.

पुण्यात विठ्ठल रामजी शिंदे यांनी स्थापन केलेल्या भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या स्थानिक शाखेचे अध्यक्षपद मॅन यांनी सांभाळले. या संबंधातून शहरातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या राहणीकडे त्यांचे लक्ष गेले. त्यावरील त्यांचा निबंध १९१२ मध्ये इंग्लंडमधील समाजशास्त्रीय नियतकालिकात आला. दख्खनच्या एका खेड्यातील महार समाजावरही त्यांनी १९१६ मध्ये लिहिले.

पिंपळे सौदागर व जातेगाव बुद्रुकची पाहणी

शेतकरी कर्जबाजारी का, याबद्दल त्या काळी सरकारी अधिकारी, सावकारांचे टीकाकार व राष्ट्रीय नेते यांची परस्परविरोधी मते होती. शेतकऱ्याच्या उधळपट्टीपासून सरकारी साऱ्यापर्यंत अनेक कारणे सांगितली जात. मॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गाव निवडून प्रत्येक शेत, प्रत्येक विहीर व प्रत्येक घर तपासायचे ठरवले. पवना नदीकाठचे पिंपळे सौदागर त्यासाठी निवडण्यात आले. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेतील पहिला ग्रंथ म्हणून ही पाहणी १९१७ मध्ये प्रकाशित झाली.

जुन्या दप्तरांच्या आधारे त्यांनी धारणक्षेत्राचा इतिहास मांडला. गावातील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते, १८१८ मध्ये साडेसतरा एकर झाले आणि १९१५ च्या सुमारास ते केवळ ७ एकरांवर आले. शेकडा ८१ खाती १० एकरांपेक्षा लहान होती, तर शेकडा ६० खाती ५ एकरांपेक्षाही लहान होती. शिवाय जमीन विखुरलेली होती. १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे होते आणि त्यांतील ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते. गावातील सुमारे शेकडा ६५ कुटुंबे बाहेरच्या मजुरीचे उत्पन्न धरूनही किमान गरजा भागवू शकत नव्हती.

पिंपळे सौदागर हे पुणे व खडकीच्या जवळचे गाव. तेथील लोकांना शहरात व लष्करी कारखान्यांत काम मिळे. त्यामुळे ते दख्खनचे प्रातिनिधिक गाव नव्हे, असा आक्षेप संभवत होता. म्हणून कानिटकर यांच्यासमवेत मॅन यांनी शहरापासून दूर असलेले, अवर्षणप्रवण भागातील जातेगाव बुद्रुक हे दुसरे गाव घेतले. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत स्थिती अधिक बिकट आढळली. तेथे सुमारे शेकडा ८५ कुटुंबांचा खर्च उत्पन्नातून भागत नव्हता.

आंबेडकरांची टीका

या पाहणीची पहिली महत्त्वाची चिकित्सा भीमराव आंबेडकर यांनी केली. भारतातील लहान धारणक्षेत्रे व त्यांवरील उपाय या १९१८ मधील निबंधात त्यांनी मॅन यांच्या आकड्यांचा उपयोग केला, पण त्यांचे माप नाकारले. सरासरी कुटुंबाचा किमान निर्वाह भागेल ते आर्थिकदृष्ट्या किफायतशीर क्षेत्र, अशी मॅन यांची कल्पना होती. आंबेडकरांच्या मते ही व्याख्या उपभोगाच्या बाजूने केलेली असल्याने सदोष होती. शेती हा उद्योग आहे. त्याची किफायत भांडवल, श्रम व जमीन यांच्या परस्परप्रमाणावरून ठरते, खाणाऱ्या तोंडांच्या संख्येवरून नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जमिनीवरील जादा माणसे उद्योगांकडे वळवल्याशिवाय केवळ तुकडेजोड करून प्रश्न सुटणार नाही, असे त्यांनी मांडले. धारणक्षेत्राच्या आकाराविषयीच्या भारतीय चर्चेत या दोन्ही दृष्टी पुढे दीर्घकाळ टिकून राहिल्या.

उत्तरायुष्य

प्राचार्यपदानंतर मॅन मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक झाले व १९२७ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. १९२८ पासून १९५६ पर्यंत त्यांनी वोबर्नच्या प्रयोगक्षेत्राचे सहायक संचालक म्हणून काम केले. दरम्यान चहाचा विषय त्यांच्याकडे पुन्हा आला. न्यासालँड आणि टांगानिका येथील चहालागवडीविषयी त्यांनी तयार केलेले अहवाल १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राशीही त्यांचा अभ्यासाचा संबंध टिकला. मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातील १८६५ ते १९३८ या काळातील पाऊस व दुष्काळ यांवरील त्यांचा अभ्यास १९५५ मध्ये, त्यांच्या वयाच्या ऐंशीनंतर, प्रसिद्ध झाला. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

मॅन यांचे विखुरलेले सामाजिक-आर्थिक निबंध डॅनियल थॉर्नर यांनी संपादित केले आणि ते १९६७ मध्ये मुंबईहून ग्रंथरूपाने निघाले. पिंपळे सौदागरचे आकडे अर्थशास्त्राच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत अनेक दशके उद्धृत होत राहिले. मुंबई प्रांतात १९४७ मध्ये जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याआधी या विषयावर झालेल्या दीर्घ चर्चेत या पाहणीचा वारंवार उल्लेख होत असे.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर आहे. मॅन यांनी मोजलेल्या शेतांच्या जागी तेथे गृहसंकुले उभी आहेत. त्यामुळे त्या गावची शेती, विहिरी आणि घरगुती अर्थव्यवस्था जाणून घेण्यासाठी १९१७ चा ग्रंथ हे एक प्रमुख साधन ठरले आहे.